एका अक्षराचा मेसेज

राजरत्नने फोनमध्ये खटपट करून कीबोर्ड स्वतःला हवा तसा बनवून घेतलेला. एक अक्षर दाबलं की अख्खं वाक्य टाइप व्हायचं. लग्न झाल्यापासून वर्तकनगरात भाड्याने रूम शोधतोय म्हणायचा, पण रूम काही मिळेना आणि मेसेज काही थांबेनात. बायकोच्या, मृणालच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागला.

"कुणाला पाठवतोस रे सारखं?"

"घरमालकांना गं."

"एका अक्षरात रूम मिळते होय? येडी समजतोस मला?"

तो फोन खिशात घालायला गेला. तिने हिसकावला आणि त्याचं बोट नेहमी ज्यावर पडायचं तेच 'आ' दाबलं.



स्क्रीनवर उमटलं, "आडनाव ऐकलं आणि रूम लगेच दुसऱ्याला गेली ना? कळलं. जय भीम."