उशाचा दिवा

मंगळवारी ओलेसुंडच्या इस्पितळातून आल्यावर माझा नवरा हालवर "सगळं ठीक आहे" एवढंच बोलला आणि आमच्या मुक्कामी फिरायच्या व्हॅनमध्ये एलईडी दिवे बसवायच्या मागे लागला. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटींवर वायरिंग केलेला माणूस, पण वायरिंगचा नकाशा काढून स्वतः खुर्चीत बसला आणि सगळं माझ्याकडून करून घेऊ लागला. लाल वायर कुठे, काळी कुठे, फ्यूज कसा बदलायचा. आणि प्रत्येक वायरीवर चिठ्ठी, तीही माझ्याच अक्षरात.

"नवरा इलेक्ट्रिशियन असून मी का राबतेय?" मी करवादले.

"तोंड कमी, हात जास्त चालव, सिग्रून," तो हसला. "तो फ्यूज काढ आणि पुन्हा बसव."

"अरे, उडालाच फ्यूज तर तू आहेस ना?"

"पुन्हा बसव," तो म्हणाला.

शनिवारी बटण दाबलं आणि अख्खी व्हॅन उजळली. पलंगाच्या माझ्या बाजूला वाचायचा छोटा दिवा लागला. त्याच्या बाजूला नुसती फळी.

"एवढा मोठा कारागीर, आणि नकाशात तुझ्याच उशाचा दिवा राहिला की!"

 

"राहिला नाही गं," तो म्हणाला. "मला लागणार नाही."