पळणारं बटन

बुलढाण्यातल्या एका वधूवर मंडळाची अठ्ठ्याण्णव सालची सीडी सुचिता मोबाइल ॲपमध्ये उतरवत होती. मुलींनी स्थळं पाहायच्या पानावरच्या 'पसंत नाही' बटनाची स्क्रिप्ट वाचून ती थांबली.

"काका, माउस जवळ नेला का हे बटन बाजूले पळते. पोरांच्या पानावर नाही पळत."

"मीच टाकली होती ते गंमत," मंडळाचे भाऊराव काका खुशीत म्हणाले. "पोरी दमून शेवटी 'पसंत'च दाबत. लई हसायचो आम्ही."

सुचितानं माउसवरचा हात काढून ओढणीला पुसला.

"मले शिसारी येऊन राह्यली, काका."

"काऊन वं? तुह्या बापाचा फोटो समोर आला, त तुह्या मायनं अर्धा घंटा पिच्छा केला होता त्या बटनाचा."