उषाबाईची साक्ष

सत्यशीलानं पिशवीतून लेकीच्या इन्सुलिनची बाटली आणि सुया काढून बायबलाशेजारी ठेवल्या. चुलीपाशी वरण ढवळणाऱ्या अर्पिताचा हात जागीच थांबला.

"आजपासून बंद करते, उषाताई," सत्यशीला म्हणाली. "तुम्ही हिच्या डोक्यावर हात ठेवा. तुमची शुगर ज्यानं घेतली, तो माझ्या लेकीची न्हाई घेणार का?"

वाटूरच्या त्या पत्र्याच्या घरात शुक्रवारची उपास-प्रार्थना संपत आली होती. नऊ बाया सकाळपासून पोटात कण न घालता बसल्या होत्या. म्हणजे आठच. घरधनीण उषाबाई बाया यायच्या आधीच आत बसून दीड भाकरी खाऊन घ्यायची. तिला उपास कुठला झेपतोय? पण हे फक्त तिच्या सुनेला, अर्पिताला, ठाऊक होतं.

उषाबाईची साक्ष मात्र आजूबाजूच्या गावांना तोंडपाठ होती. जालन्याच्या मेळाव्यात हातात माईक घेऊन ती बोलली होती, प्रभूनं माझी शुगर घेतली म्हणून. रिपोर्ट तेव्हा खरोखर चांगला आला होता, त्यात खोटं काही नव्हतं. फक्त तो दोन वेळच्या गोळ्यांवर चांगला आला होता, एवढं माईकवर सांगायचं राहून गेलं. टाळ्याच इतक्या पडल्या. पुढं दोन महिन्यांत शुगर चारशेवर गेली, डॉक्टरांनी सुई लावली, आणि तोवर घनसावंगीहून बाया जीप धरून तिच्याकडून प्रार्थना करून घ्यायला यायला लागल्या होत्या. आता कोणत्या तोंडानं सांगणार?

तेव्हापासून दर शुक्रवारी बाया उपास सोडायला ताटं मांडत, तेव्हा अर्पिता सासूला आतल्या खोलीत नेऊन, दार लावून, पोटाला सुई द्यायची. सासूची भाकरी, सासूची सुई, सासूची साक्ष, सगळं हिनंच झाकायचं. नुसता वैताग आला होता तिला. एकदा बोलून बघितलं, तर उषाबाईनं उलट तिलाच ऐकवलं, की साक्ष मोडली तर लोकांचा विश्वास मोडेल आणि त्याचं पाप तुझ्या डोक्यावर बसेल.

गंधाली आईला चिकटून बसली होती. अकरा वर्षांची, मनगटं काडीसारखी. दिवाळीत मामाच्या गावी दोन दिवस सुई चुकली, तर लेकरू बेशुद्ध होऊन जालन्याला दवाखान्याच्या काचेच्या खोलीत पाच दिवस पडलं होतं. तिनं आईला हळूच त्याची आठवण करून दिली. "तवा आपला विश्वास कमी होता," सत्यशीला म्हणाली आणि तिला पुढं ढकललं.

अर्पिता पदराला हात पुसत उंबऱ्यात येऊन उभी राहिली. सासूकडं बघत राहिली. बोल की बाई आता, एवढंच तिच्या मनात होतं. सासूनं तिच्याकडं बघितलंच नाही.

उषाबाईनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. स्तुती झाली, उपकार मानून झाले, आणि मग "ह्या लेकराला" एवढं म्हणून ती अडकली. बायांना वाटलं भरून आलं. त्यांनी आमेन, आमेन म्हणून जोर लावला.

भरून नव्हतं आलं. राग आला होता. दोन वर्षं गुडघे टेकून राह्यले, प्रभू, ती मनात म्हणत होती. तुला माझी एवढी शुगर घेता येईना? मी काय दुसरं मागितलं? आन् घेतली न्हाई ते न्हाई, वरून हे लेकरू माझ्यापुढं आणून बसवलंस? हाताखाली पोरीचं डोकं गरम लागत होतं. पोर हलत नव्हती. आईनं सांगितलं होतं, हलायचं नाही, विश्वास धरायचा, आणि ती तो धरून बसली होती, डोळे गच्च आवळून.

उषाबाईनं हात काढला. आमेन म्हणायचं राहिलं.

"अर्पिता," ती म्हणाली, "माझी सुई आण."

अर्पिता सवयीनं आतल्या खोलीकडं वळली.

"आत न्हाई. हितं आण."

फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. अर्पितानं इन्सुलिनची डबी आणून सासूपुढं ठेवली. कसली सुई, कोणाची सुई, असं सत्यशीलानं दोनदा विचारलं. बाकीच्या बाया कोणी भिंतीकडं, कोणी स्वतःच्या पायांकडं बघत होत्या.

"साक्ष अर्धीच दिल्ती मी," उषाबाई म्हणाली. मग तिनं डबी गंधालीकडं सरकवली आणि विचारलं, तुला टोचता येतं का. पोरीनं मान डोलावली. ती दुसरीपासून स्वतःच टोचून घेत होती.

"मंग तूच टोच मला."

गंधालीनं आईकडं बघितलं. आईचं तोंड उतरलं होतं. मग पोरीनं डबी उघडली, नवी सुई बसवली, टोपण काढून नीट बाजूला ठेवलं. तिला त्यात काहीच नवल नव्हतं. उषाबाईनं सगळ्यांसमोर निऱ्या जरा खाली केल्या आणि पोटाची चिमूट धरली. तिथं जुन्या टोचण्यांचे निळे डाग होते.

"आजी, किती देऊ?"

अर्पिताच्या तोंडाशी आकडा आला होता. तिनं तो गिळला.

"अठरा," उषाबाई म्हणाली. मागं बसलेल्या बायांना ऐकू गेलं नसेल असं वाटून तिनं मान वर केली. "अठरा. रोज दोन टाइम."