यंत्रावर नारळ

"कुठंय तुझी वीज?" शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ढवळे सर परीक्षक बाईंसमोर फिदीफिदी हसले. "मुलींनी आपलं रांगोळीचं बघावं."

शर्वाणीने घरी बनवलेल्या, हजारो व्होल्टच्या वीजयंत्राचा पट्टा गरगरत होता, पण वरच्या स्टीलच्या गोळ्यातून ठिणगी काही उडेना. जिल्हा प्रदर्शनासाठीची निवड हातची चालली होती.

मग तिला गोळ्याला आधार देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपवर पाण्याचे ओघळ दिसले. उद्घाटन म्हणून सरांनीच मघाशी यंत्रावर नारळ फोडला होता! ओल्या पाइपवरून वीज निसटून जाते, हे विज्ञानाच्या मास्तरांना कोण शिकवणार?

तिने सरांच्या खांद्यावरची सत्काराची शाल ओढली आणि पाइप खसाखसा पुसला. खिजवायला सर गोळ्याजवळ वाकले. चट्! ठिणगी थेट नाकावर.

बाईंनी हसत तिचं नाव जिल्ह्याच्या यादीत लिहिलं. शर्वाणीने शाल परत दिली.

"सर, रांगोळी आता तुम्हीच काढा."