दुप्पट प्रोटीन

"काकू, डाळ किती देता यांना?" डॉक्टरांनी बिघडलेला रिपोर्ट वाचत विचारलं.

शालनताईंचा चेहरा उतरला. "अर्धी वाटी, तीही मोजून. माझंच कुठेतरी चुकत असेल."

शेजारी बसलेले त्यांचे यजमान दिगंबर भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिले.

तीस वर्षं त्यांनी शाळेत मुलांना मलखांब शिकवला होता. मूत्रपिंडं कमजोर झाली तेव्हा डॉक्टरांनी प्रोटीन कमी करायला सांगितलं आणि बघता बघता त्यांचे दंड वाळले. मग एके दिवशी दुकानात ती बिस्किटं दिसली. पुड्यावर पीळदार दंडाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'दुप्पट प्रोटीन'. एकानं काय होतंय, असं म्हणत त्यांनी पुडा घेतला. आता रोज सकाळी फिरायला गेले, की बागेतल्या बाकावर बसून ते अख्खा पुडा संपवायचे. अंगात जोर आल्यासारखं वाटायचं.

घरी आल्यावर शालनताईंनी पानं वाढली. दोन्ही ताटांत नुसता भात आणि दुधीची भाजी होती.

"तुझी डाळ?" दिगंबरांनी विचारलं.

"आजपासून घरात डाळ शिजवायचीच नाही. समोर दिसली की तुम्हाला मोह होणारच. माझं मेलं काय अडतंय तिच्यावाचून?"

त्यांचा घास हातातच राहिला. "शालन, तुझी काही चूक नाही गं," असं म्हणून त्यांनी बागेतलं सगळं सांगून टाकलं.

शालनताईंनी आपलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरांसमोर मी मान खाली घालून बसले होते, तेव्हा तुम्ही शेजारीच होतात ना?"