दुसरी बादली

न्हाणीघरात पंधरा लिटरचा एक गिझर, दोन बादल्या आणि दोन टॉवेल होते; ओला त्यातला एकच.

“बंब बिघडलाय,” आजोबा मेकॅनिकला म्हणाले.

“बंब आग विझवायला येतो, आजोबा. हा गिझर.”

“आमची ही शेवटपर्यंत बंबच म्हणायची.”

“बरं, बंब. तापत नाही का?”

“उलट! आधी हिची आंघोळ, मग माझ्या वाट्याला कोमट पाणी. जन्मभर कुरकुर केली मी. ती गेल्यापासून रोज कढत येतं. विसण घालूनही तसं होत नाही.”

मेकॅनिकने बटण बंद केलं.

“आधी आजींची भरू,” तो म्हणाला.

ती बादली काठोकाठ भरून त्याने बाजूला ठेवली. मग आजोबांची भरली आणि तीत थर्मामीटर बुडवला.

अडतीस अंश.