माहेरची काळी वर्तुळं

"खुर्चीत नीट रेला, ताई. मान मोकळी सोडा," असं म्हणत धाकटीने आपल्या थोरल्या जावेचा चेहरा जमलेल्या बायकांकडे वळवला.

घराच्या पुढच्या खोलीत धाकटीने नवंच ब्यूटी पार्लर थाटलं होतं. गिऱ्हाईक जोडावं म्हणून आज तिने गल्लीतल्या बायकांना बोलावलं होतं. विषय होता डोळ्यांखालची काळी वर्तुळं. जिच्या चेहऱ्यावर सगळं करून दाखवायचं ठरलं होतं, ती मुलगी आयत्या वेळी आली नाही. मग थोरलीला स्वयंपाकघरातून हात पुसत यावं लागलं. तिच्या डोळ्यांखाली दाखवण्यासारखं पुष्कळ होतं.

"काजळ खाली उतरलंय की काय गं तुझं?" शिवणकामवाल्या बाईने विचारलं. बायका हसल्या. थोरलीही हसली.

धाकटी समजावून छान सांगत होती. डोळ्यांखालची कातडी फार पातळ असते, म्हणून शरीर दमलं की आधी तिथे दिसतं. झोप पुरी झाली नाही तर काळं पडतं. अंगात रक्त कमी असलं तरी पडतं. काहींना उठता-बसता डोळे चोळायची खोड असते, काहींना ऊन बाधतं. "आणि काहींचं घराण्यातूनच येतं. त्याला आपण तरी काय करणार?"

"मग हिचं यातलं कुठलं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण उत्तर मिळाल्याशिवाय प्रश्न सोडायची सवय काही सुटली नव्हती.

धाकटी वाटीतला कापूस चाचपत राहिली.

"माहेरचं," ती म्हणाली. "यांच्या माहेरी सगळ्यांनाच आहे."

"हो, आमच्या आईला होतं ना," थोरली डोळे मिटूनच म्हणाली.

थोरलीच्या आईला धाकटीने स्वतःच्या लग्नात अगदी जवळून पाहिलं होतं. त्या माउलीच्या डोळ्यांखाली काही म्हणजे काही नव्हतं.

तिने गार दुधात बुडवलेला कापूस थोरलीच्या डोळ्यांवर ठेवला आणि वर काकडीच्या चकत्या ठेवल्या. "दाबायचं नाही, चोळायचं नाही. नुसतं ठेवून द्यायचं." थोरलीचे हात खुर्चीच्या कडेने सैल लोंबले, तोंड थोडं उघडलं. बघता बघता ती चक्क घोरू लागली.

"घ्या, उपाय लागू पडला," शिवणकामवाली म्हणाली. बायकांनी पदर आणि ओढण्या तोंडाला लावल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीत काचेच्या ग्लासवर चमचा वाजला. पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई बोलवायच्या त्या अशाच. घसा ताणून हाक मारणं त्यांना जमत नसे. रात्री त्यांच्यासाठी आळीपाळीने उठायचं, असं दोघी जावांनी मिळून ठरवलं होतं. धाकटीच्या पाळीच्या रात्रीही चमचा वाजायचाच. ती ऐकायची, कूस बदलायची आणि शेजारच्या, थोरलीच्या खोलीच्या दाराची कडी वाजायची वाट पाहत पडून राहायची.

आताही तिला ऐकू आलं. तिने आवाज थोडा चढवला. "तर काकडी नेहमी कोवळी घ्यायची, बरं का. जून झालेली नको..."

चमचा पुन्हा वाजला.

थोरली ताडकन उठून बसली. चकत्या घसरून मांडीवर पडल्या. डोळे अजून मिटलेलेच होते.

"आले, आई," ती अगदी हळू म्हणाली. "वाजवू नका हं आता. धाकटी जागी होईल. सकाळी पार्लर उघडायचं असतं तिला."

या वेळी कुणी हसलं नाही. शिवणकामवाली आपल्या बोटांवरचे सुईचे व्रण पाहू लागली. थोरलीने डोळे उघडले, एवढे चेहरे समोर पाहून ती वरमली आणि घाईघाईने चकत्या गोळा करू लागली.

"अगं बाई, डोळा लागला वाटतं. काही बरळले नाही ना मी?"

मास्तरीणबाई धाकटीकडे पाहत होत्या. त्या पाहण्यात राग नव्हता. उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलासाठी त्या वर्गात अशाच थांबत असत.

धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आरशाकडे तिची पाठ होती, ते एक बरं होतं.

"माहेरचं नाही ते," ती म्हणाली. मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. "यांच्या माहेरचं नाही ते. झोप नाही यांना. आईंसाठी माझ्या पाळीच्या रात्रीही याच उठतात."

"काहीतरीच काय बोलतेस," थोरली उठू लागली. "सर बाजूला. आईंना काय हवंय ते बघून येते."

धाकटीने तिचा खांदा धरून तिला पुन्हा खुर्चीत टेकवलं आणि बायकांना तसंच बसवून ती आत गेली.

सासूबाईंनी पुन्हा वाजवायला चमचा उचलला होता. दारात धाकटीला पाहून त्यांचा हात तसाच राहिला. तिच्या मागून आणखी कुणी येतंय का, ते त्यांनी मान उंच करून पाहिलं. कुणी येत नव्हतं.

"तू कशी आलीस?" त्यांनी घाबरून विचारलं. "थोरलीला बरं नाही का गं?"